जावयाच्या मापाचा टप

"आंघोळ घरूनच करून येईन," असा जावयाचा निरोप सिल्लोडहून आला आणि आवडाबाईंनी हातातलं लाटणं टाकून सरळ जमिनीवर बसकण मारली.

आता तुम्ही म्हणाल, माणूस स्वच्छ होऊन येतोय, यात बसकण मारण्यासारखं काय? पण महिना अधिकाचा होता हो! तीन वर्षांतून एकदा येणारा. या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, कपाळाला कुंकू लावून पाटावर बसवायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, असा तो सगळा सोहळा. त्यात जावई न्हाऊनच आला तर उरलं काय? नुसतं जेवण. जेवण काय, खानावळीतही मिळतं.

"तुमच्या त्या मोरीनं घात केला," आवडाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

कारभारी यावर बोलणार काय? शेंद्र्याची जमीन कारखान्यांत गेल्यावर त्यांनी मुकुंदवाडीत बंगला बांधला, तो कसा? हॉलमध्ये ट्रॅक्टर वळेल एवढा. देवघरात पंगत बसेल एवढं. आणि शेवटी जी जागा उरली तिच्यात मोरी. मागच्या अधिकात जावई त्याच मोरीत आंघोळीला शिरले. जावयाचं नाव नानासाहेब, उंची सहा फूट दोन इंच, आणि रुंदीही उंचीला शोभेल अशी. साबणावरून पाय घसरला आणि गुडघा कमोड आणि भिंत यांच्या मधोमध असा बसला की आतून कडी काढता येईना. फकिरा मिस्त्रीनं पहारीनं दार फोडलं. कारभाऱ्यांचे धाकटे बंधू सांडू यांनी तो सगळा प्रसंग मोबाइलवर काढला आणि सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकून दिला. नानासाहेब टॉवेलवरच जीपमध्ये बसले आणि धोंडे तसेच ताटात राहिले.

त्यानंतर तीन वर्षं लेक उमा एकटीच माहेरी यायची. नानासाहेब तिला कोपऱ्यावर सोडत आणि जीप तिथूनच मागे वळवत. आवडाबाई गॅलरीतून त्या जीपची पाठ बघत उभ्या राहत. यंदा हातापाया पडून, उमाला मध्ये घालून जावयाला यायला तयार केलं. पण आंघोळ घरून!

"मोरीच पाडतो," कारभारी एकदम उठून म्हणाले. "बाजूची अडगळीची खोली तिच्यात घेतो. अन् टप बसवतो."

"कसला टप?"

"आंघोळीचा. लांबलचक. मानसानं आत झोपायचं. मानूस उभाच नाय राह्यला तर घसरंल कसा?"

"नळाला पानी आठ दिवसांनी येतंय, अन् टप!"

"टँकर बोलवू. पन पाव्हण्यांना आत्ताच काय कळू द्यायचं नाय. आंघोळीचं नाव काढलं तर येनारच नाहीत. आल्यावर दार उघडून दाखवायचं. टप बघून इरघळंलच की मानूस."

आवडाबाईंना हे पटलं. कारभाऱ्यांनी फोनवरून उमालाही सामील करून घेतलं आणि तिला आईच्या गळ्याची शपथ घातली, की सासरी कुणापुढं टप हा शब्द काढायचा नाही. इथपर्यंत सगळं शहाणपणाचंच चाललं होतं, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी फकिरा मिस्त्रीनं भिंत पाडली आणि कारभारी जालना रोडवरच्या 'दमयंती सॅनिटरी'त टप बघायला गेले. दुकानाचे मालक अनंतराव. बोलणं मृदू, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी एका रांगेत मांडलेले सात टप दाखवले. पांढरे, बदामी, एक चक्क गुलाबी.

"लांबी किती हवी आपल्याला? साधारण माणूस पाच फुटांत बसतो."

"आमचे पाव्हणे साधारन नाहीत," कारभारी म्हणाले. "अन् ते बसनार नाहीत, पसरनार."

"मग त्यांनाच घेऊन या ना. टप कसा, चपलेसारखा असतो. घालून बघितल्याशिवाय घेऊ नये."

"ते यायसारखे असते तर टप कशाला लागला असता?" कारभारी म्हणाले आणि चपला काढून स्वतःच पहिल्या टपात जाऊन पडले. ते पाच फूट तीन. सगळ्याच टपांत बसले. एकात तर डुलकीही लागली.

घरी येऊन त्यांनी उमाला फोन केला. "पाव्हण्यांचं माप पाहिजे. निजलेलं असताना घे. डोक्यापासून टाचेपतुर सुतळी धर, खांद्याला एक गाठ मार, कंबरंला एक गाठ मार. अन् एखादा अंगातला शर्ट पाठव, रुंदीचा अंदाज येईल."

"धुतलेला पाठवू?"

"कसाबी चालंल. आज येनाऱ्या जीपवाल्याकडं दे, म्हंजे झालं."

उमानं तसंच केलं. दुपारी नानासाहेब मक्याच्या अडतीवरून येऊन, जेवून, शर्ट काढून पंख्याखाली घोरत होते. उमा पावलं न वाजवता गेली. डोक्याशी सुतळीचं एक टोक धरलं, टाचेपर्यंत नेलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत दोन गाठी मारल्या. ती बिचारी इंच मोजत होती. पण दारात तिची सासू वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिला कसं कळणार?

वच्छलाबाईंनी तांब्या तिथंच खाली ठेवला. अधिकाचा महिना, निजलेला लेक, सुतळीनं माप, त्यावर गाठी आणि वर पुटपुटणं!

"उमे, काय करतीस गं?"

"काही नाही आई."

"गाठी कशाच्या मारल्यास?"

"सांगता येत नाही आई. शपथ आहे."

आणि मग वच्छलाबाईंच्या डोळ्यांदेखत सुनेनं नानासाहेबांचा घामेजलेला शर्ट खुंटीवरून काढला, सुतळी त्यात गुंडाळली आणि पिशवी माहेरच्या वाटेला लावून दिली. वच्छलाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी विहिणीला फोन लावला.

आता आवडाबाईंचं एक होतं. अधिकात खोटं बोललं की तिप्पट पाप लागतं, अशी त्यांची पक्की समजूत. टपाचं नाव तर काढायचं नव्हतं. तेव्हा तेवढं सोडून बाकी सगळं खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

"इहीनबाई, नान्याचा शर्ट पोचला का?"

"पोचला की."

"कशाला पाहिजे व्हता, म्हन्ते मी?"

"त्यात भुस्सा भरायचाय."



"भुस्सा?"

"व्हय, गव्हाचा. सुतळीच्या मापानं बराबर भरायचा. मग न्यायचा अन् आडवा टाकायचा."

"कुठं टाकायचा?"

"ते नाय बाई सांगता येनार. पन एकदा का ते झालं, की पाव्हण्यांना काही म्हंजे काही तरास राहनार नाय बघा!"

फोन कट झाला. "रेंज गेली वाटतं," आवडाबाई म्हणाल्या आणि भुस्सा भरायला गेल्या.

भुश्शाची कल्पना फकिरा मिस्त्रीची. "कारभारी, सुतळीनं लांबी कळंल," तो म्हणाला होता, "पन मानूस म्हंजे काय सुतळी हाय का? पोट हाय, खांदे हायेत. त्या मापाचं काहीतरी टपात टाकून बघा, तरच टप घ्या. मागच्या टायमाला मीच दार फोडलंय, मला अंदाज हाय." तेव्हा शर्टात भुस्सा भरला, खाली सांडूंची जुनी पँट जोडली, तिच्यातही भुस्सा. सुतळी लावून बघितली तर उंची एक वीत कमी पडली. डोकं राहिलं होतं ना! डोक्यासाठी उरलेल्या शेतातून आलेला लाल भोपळा बसवला. उंची तंतोतंत जमली.

कारभारी ते ध्यान उचलणार, तोच आवडाबाई म्हणाल्या, "थांबा." आणि देवघरातून करंडा आणून त्यांनी भोपळ्याला ठसठशीत कुंकू लावलं.

"अगं, भोपळा हाय तो!"

"असू द्या. जावयाच्या नावाचा हाय. तसाच मोकळ्या कपाळानं कसा धाडायचा?"

भुश्शाच्या जावयाला रिक्षात घालायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. पाय बाहेर राहत होते. रिक्षावाल्यानं वळून एकदा त्या आडव्या देहाकडे बघितलं आणि रिक्षा सुरूच करून टाकली.

"चाचा, पकडके बैठो! घाटी दवाखाने लेऊं क्या सीधा?"

"अरे बाबा, भुस्सा हाय! टपाच्या दुकानात घे."

रिक्षा वळली आणि पाचच मिनिटांत सिल्लोडची जीप बंगल्यासमोर येऊन थांबली. वच्छलाबाई पुढं, उमा मागं आणि स्टिअरिंगवर स्वतः नानासाहेब. करणीबिरणी सगळं खोटं, असं ते निघताना आईला दहा वेळा म्हणाले होते. पण सकाळपासून उजवा खांदा जरा धरल्यासारखा वाटत होता, हेही खरं. त्यामुळे जीप त्यांनी अंमळ जोरातच आणली होती.

फाटकात सांडू सिमेंटच्या गोण्या मोजत होते. त्यांनी मान वरही केली नाही.

"कारभारी कुठं गेले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"दादा-वहिनी व्हय? नानासाहेबांना घेऊन गेले ना. आत्ताच. रिक्षात आडवं घालून."

"अन् काय करनारेत त्यांचं?"

"आता टाकतील, बघतील. बसले नायत तर पाय दुमडायचे म्हनत व्हते," एवढं बोलून सांडूंनी मान वर केली. समोर नानासाहेब उभे. सांडूंनी फक्त जालना रोडच्या दिशेनं बोट दाखवलं आणि गोणीवर बसून घेतलं. तेव्हा उमानं कपाळावर हात मारला आणि शपथ मोडायची नाही म्हणून नुसतं "दमयंती सॅनिटरी" एवढंच म्हणाली.

इकडे दुकानात सहा फुटी टपात भुश्शाचे नानासाहेब निवांत पसरले होते. कारभारी त्यांचे पाय सरळ करत होते. आवडाबाई शर्टाची कॉलर नीट करत होत्या. अनंतराव चष्मा पुसत होते, कारण तीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. एवढ्यात काचेचं दार धाडकन उघडलं.

"आगं बया बया! पुरायला निघाले माझ्या नान्याला!" वच्छलाबाईंनी पदर खोचला, टपाशी आल्या आणि भोपळ्याला अशी काही चपराक दिली, की डोकं धडावेगळं होऊन वॉशबेसिनांच्या रांगेखाली गडगडत गेलं. नानासाहेबांचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला.

"इहीनबाई, ऐका तर!" कारभारी मध्ये पडले. "आंघोळीचा टप हाय हा! पाव्हण्यांसाठी! धोंड्याच्या आंघोळीला!"

"आंघोळीला एवढं भांडं? मानूस हाय का म्हैस?"

"आई, खरंच टप आहे," उमा रडकुंडीला येऊन म्हणाली. "बाबांनी शपथ घातली होती. ती सुतळी टपासाठीच होती."

"मग कुंकू कुनी लावलं भोपळ्याला? कुंकू कशाला लागतंय टपाला?"

सगळे आवडाबाईंकडे बघायला लागले. आवडाबाईंनी खाली वाकून तो भोपळा उचलला, पदरानं पुसला आणि एकदम त्यांचा बांधच फुटला.

"मी लावलं. तीन वर्सं झाली, पाव्हणं कोपऱ्यावरनं परत जात्यात. माझ्या एकुलत्या एक जावयाच्या कपाळाला हात लागंना माझा. मग काय करू? लावलं भोपळ्याला! आता त्यालाबी तुम्ही चापट मारली."

 नानासाहेब सासूकडे बघत होते, मग भोपळ्याकडे, मग टपातल्या आपल्या शर्टाकडे. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज किती बारीक होऊ शकतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं.

"मामी," ते म्हणाले, "येतो मी. घरून आंघोळ करून न्हाय. पारोसाच येतो."

आवडाबाईंनी तिथल्या तिथं त्यांची अलाबला घेतली. कारभारी अनंतरावांना म्हणाले, "बांधा हा सहा फुटी!" आणि इथंच सगळं गोड झालं असतं. पण वच्छलाबाई टपापासून हटेनात.

"तुमचं मन चांगलं हाय, कबूल," त्या म्हणाल्या. "पन ह्या भांड्यात कुनी काय केलं नसंल कशावरनं? माझा इश्वास नाय. लेकाच्या आधी मी बसून बघनार. व्हायचं ते मला होऊ द्या."

त्यांनी भुस्सा बाहेर काढायला लावला, उमाच्या खांद्याचा आधार घेतला आणि नऊवारी सावरत त्या टपात उतरल्या. आधी बसल्या. मग जरा मागं टेकल्या. मग पाय लांब केले. डोळे मिटले.

"आई, झालं ना? ऊठ आता," नानासाहेब म्हणाले.

"थांब जरा."

"काय होतंय का तुला?"

"गुडघे दुखायचे थांबले रं." वच्छलाबाईंनी एक डोळा उघडला. "पन हा लांब हाय. खाली घसरतीय मी. ओ मालक, तो बदामी कसाय?"

अनंतरावांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. वच्छलाबाई बदामीत बसल्या. त्याची पाठ फार उभी निघाली. गुलाबीत बसल्या; तो रंग विधवेला शोभतो का म्हणून स्वतःच लाजून बाहेर आल्या, आणि परत जाऊन पाच मिनिटं बसल्या. चौथा अरुंद, पाचवा खोल. सहाव्या टपाला पाठीमागं छान उतार होता, हात टेकायला कडा होती. त्यात बसून त्यांनी अनंतरावांकडून चहा मागवला, तेव्हाच ते ठरल्यात जमा होतं.

"हा," त्या म्हणाल्या.

"पन इहीनबाई, हा पाच फुटी हाय," कारभारी कासावीस होऊन म्हणाले. "ह्यात पाव्हणं बसनार कसं?"

"पाय दुमडतील की. तुम्हीच म्हनत व्हता म्हनं."

कारभाऱ्यांनी आशेनं जावयाकडे पाहिलं. नानासाहेबांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आई म्हनती तोच बांधा, मामा," ते म्हणाले आणि भुश्शावरचा आपला शर्ट काढून झटकायला लागले.

धोंड्याचा दिवस उजाडला. नवी मोरी आरशासारखी लखलखत होती. फाटकात टँकर उभा, त्याचा पाइप खिडकीतून थेट टपात. पाच सवाष्णी उटण्याच्या वाट्या घेऊन ओळीनं बसलेल्या. नानासाहेब टॉवेल लावून मोरीच्या दारात आले आणि त्या पाच फुटी टपाकडे बघून जागीच थांबले.

"सर बाजूला," वच्छलाबाई म्हणाल्या. "पानी लई गार हाय का, मी बघते आधी." आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.

अर्धा तास झाला. आतून पाण्याचा आवाज येत होता. एक तास झाला. पुरण घट्ट व्हायला लागलं, उटणं वाळायला लागलं.

"इहीनबाई?" आवडाबाईंनी दारावर टकटक केलं.

"झालंच!" आतून उत्तर आलं आणि पाठोपाठ अभंगाची ओळ सुरू झाली. अभंगाला आणखी पुष्कळ कडवी होती.

टँकरवाला खोळंबला. "दादा, मला पुढं आनखी दोन घरी जायचंय. राह्यलेलं पानी कुठं सोडू?"

आवडाबाईंनी पाइपाकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. नानासाहेबांनीही पाइपाकडे पाहिलं. वर मोकळं आभाळ, बाजूला ना भिंत ना दार ना कमोड. त्यांनी पाट उचलला आणि अंगणाच्या मधोमध नेऊन टाकला.

"मामी, आना ते उटणं!"

आणि काय ती आंघोळ! टँकरवाल्यानं पाइप धरला, पाच जणींनी उटणं चोळलं, गल्लीतल्या गच्च्या माणसांनी भरून गेल्या. नानासाहेब पाइपाखाली बसून गदगदा हसत होते आणि "अजून सोड, अजून सोड!" म्हणून ओरडत होते. पाणी फाटकाबाहेर वाहत गेलं, शेजारच्यांनी बादल्या लावल्या. आवडाबाईंनी ओल्या हातानं जावयाच्या ओल्या कपाळावर कुंकू लावलं, ते ओघळून नाकावर आलं, तरी त्यांना त्याच्याएवढा देखणा माणूस दुसरा दिसेना. त्या दिवशी नानासाहेबांनी अकरा धोंडे खाल्ले.

वच्छलाबाई दिवस कलताना बाहेर आल्या. बोटं सुरकुतलेली, चेहरा तुकतुकीत. जीपमध्ये बसताना त्यांनी विहिणीचे दोन्ही हात हातात घेतले.

"पुढल्या रविवारी येते. नान्या आनतोच. माझ्या जावंलाबी घेऊन येते, तिचेबी गुडघे गेलेत."

आणि तेव्हापासून दर रविवारी सिल्लोडची जीप बंगल्याच्या अगदी फाटकापर्यंत येते. नानासाहेब हॉलमध्ये लोळतात, आवडाबाई त्यांना गरम गरम वाढतात आणि वच्छलाबाई मंडळी मोरीच्या दाराबाहेर नंबर लावून बसतात. आवडाबाईंना आणखी काही म्हणजे काही नको आहे.

राहिले कारभारी. ते दर रविवारी पहाटेच्या एसटीनं सिल्लोडला जातात. घराची चावी जावयानंच त्यांना आपणहून दिली आहे. तिथं सगळं सामसूम असतं. मग कारभारी एक बादली भरतात, तांब्या घेतात, कुणाच्या हाका नाहीत, कुणाचे गुडघे नाहीत, अशी शांतपणे आंघोळ करतात आणि जेवायच्या वेळेला मुकुंदवाडीत परत येतात.